आईला न चढवलेलं रक्त

आई आज सकाळी गेली आणि मला संध्याकाळपर्यंत धड रडूही आलं नाही, कारण डोकं गायकवाडकाकांपाशी अडकलं होतं.

काका आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. आईच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायचं.

त्यावरून अबोला. दोघं सोसायटीच्या ग्रुपवर एकमेकांचं नाव न घेता भांडायची.

मग आईच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं, ठाण्याला. रक्त लागू शकतं, डोनर बघून ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. मी ग्रुपवर मेसेज टाकला.

सगळ्यात आधी पोचले काका. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून, स्कूटरवर. येऊन रक्त दिलंही.

ऑपरेशननंतर डॉक्टर खुशीत होते. "टाके घालण्याआधी जखमेतच रक्तस्राव कमी करणारं औषध सोडलं, थोडा वेळ तसंच ठेवलं. रक्त फार गेलंच नाही. बाटली लागलीच नाही."

छान ना?

पण आई ऐकेल तर शपथ! "मला गायकवाडांचं रक्त चढवलंय."

"अगं आई, नाही चढवलं. वरून औषध टाकलं ना."

"वरून टाकून कधी रक्त थांबतं होय? गप्प बस तू."

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. तिने मान हलवली, घरी आली, आणि भाऊबीजेला ताट घेऊन थेट खाली!

"रक्ताचं नातं आहे आता."

तेव्हापासून दर वर्षी ओवाळणी. कुंड्या मात्र जिथल्या तिथे. पाणी गळलं की काका मुकाट्याने कपडे आत घ्यायचे.

आज स्मशानातून परतलो, तर काका जिन्यात बसलेले. मला राहवलं नाही.

"काका, तुमचं रक्त तिला दिलंच नव्हतं हो."

"माहितीये. मला त्याच दिवशी कळलेलं."

"मग तिला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. पहिल्याच भाऊबीजेला. ताई म्हणाल्या, मला माहितीये. आता पाटावर बसा."

आई, मग माझ्याशी इतकी वर्षं वाद कशाला घातलास गं?

मला खरंच काही कळत नाहीये. तुझा राग येतोय, हसू येतंय, आणि विचारायला तू नाहीस.

संध्याकाळी कुंड्यांना पाणी घातलं. खाली गळलं. ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही.

तेव्हा रडलो.

तुला शेवटचा नमस्कार, आई. नीट जा.