रस्त्यापल्याडचा माळ

आमचं घर हायवेच्या एका अंगाला आणि मेंढरं चारायचा माळ दुसऱ्या अंगाला. मधून सोलापूरला जाणाऱ्या गाड्या पळतात. रस्ता लहान होता तोवर आमचे मालक हात वर करायचे आणि ट्रकवाला शिव्या देत का होईना, थांबायचा. चौपदरी झाल्यावर हात वर केलेला माणूस कुणाला दिसेनासाच झाला.

तेव्हा एक मुलगी आली. रस्ता कोण कोण वापरतं, आसपासच्या लोकांचं त्यानं काय होतं, याचा अभ्यास करायची म्हणे. तिच्याबरोबरचे टपरीवर बसून गाड्या मोजायचे, ही आमच्या ओसरीवर बसली. मी शाळा पाहिली नाही, अक्षरं नातवंडांच्या पुस्तकातनं उचलली. पण तिनं मला कधी अडाणी धरलं नाही.

"आजी, मेंढरं थोडी थोडी करून नेली तर?" तिनं विचारलं.

मालक हसले. "पोरी, म्होरलं गेलं की मागचं थांबत न्हाय. तू मधी उभी ऱ्हा, तुलाबी घिऊन जातील."

दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर रस्ता ओलांडून आली आणि पल्याड गेल्यावर म्हणाली, "हे तुम्ही रोज करता?"

"पोटबी रोजच असतंय की," मालक म्हणाले.

पुढं रस्त्याखालनं बोगदा झाला. तिच्या सांगण्यानं झाला की आणखी कशानं, मला ठाऊक नाही. आम्ही नारळ फोडला. बोगदा झाला म्हणून वरची वाट लोखंडी कठडा घालून बंद केली. बोगद्यात मात्र हॉटेलांचं सांडपाणी साचलं, ते उन्हाळ्यातही आटेना. मोटारसायकली जातात हो त्यातनं. मेंढरू अंधारात, पाण्यात पाय घालत नाही. मालकांनी म्होरल्या मेंढीला उचलून आत नेलं, तर बाकीची तोंडाशीच उभी, आणि तीही सुटून माघारी आली. पाणी काढा म्हणून सांगायला गेलो, तर ज्याच्याकडं जावं तो दुसऱ्याचं नाव घ्यायचा.

मग मालक कडेकडेनं लांब जायचे, जिथं दुभाजक मोकळा होता तिथनं ओलांडायचे. एका सकाळी म्होरली पल्याड पोचली आणि ट्रक आला. मागची थांबली नाहीत. मालकांना खरचटलंसुद्धा नाही. ते म्हणतात, तेच वाईट झालं.

उरलेली मेंढरं वैरागकडच्या पाहुण्यांना देऊन टाकली. आता मालक माळाकडं पाठ करून खाटेवर बसतात. जेवायला दोनदा हाक मारावी लागते.

परवा ती मुलगी परत आली. बोगद्याचा उपयोग होतोय का, ते बघायला.

"आजी, मेंढरं कुठून नेता आता?"

"मेंढरंच न्हाईत बाई."

"मग वरून कुणी ओलांडत नाही?"

"कोण वलांडणार? काय हाय आता पल्याड?"

मी तिला बोगद्यातल्या पाण्याचं, ट्रकचं सगळं सांगितलं. तिनं मालकांच्या पाठीकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "आजी, मी सगळं सांगेन. पण वरून कुणी जात नाही, अपघात थांबले, एवढंच रस्त्याचे अधिकारी धरतील. म्हणजे काम चांगलं झालं."

"थांबलेच की," मी म्हणाले.

चहा केला. तिनं घेतला, निघताना माझ्या पाया पडली. मालकांनी तोंडसुद्धा वळवलं नाही. कोण आलं होतं हे त्यांना कळलं की नाही, मी विचारलं नाही.