दुलईची मागची बाजू

लिस्बनच्या विमानतळावर माझा नवरा आपणहून रेड चॅनलमध्ये जाऊन उभा राहिला, तेव्हाच मला कळायला हवं होतं की या सहलीचं काही खरं नाही.

नवरा कस्टममध्ये आहे. बदलीवर कोलकात्याला आल्यापासून खिदिरपूरच्या गोदीत लोकांच्या पेट्या उघडून बघणं हे त्याचं काम, आणि आता तो स्वभावही झाला आहे. आमच्या बॅगेत मेतकूट आणि लसणाची चटणी होती. ती लपवून हिरव्या दारानं जायचं? आयुष्यभर दुसऱ्यांना अडवलं, आता स्वतः? तिथल्या अधिकाऱ्यानं चटणीची पुडी हुंगली, दोनदा शिंकला आणि हातानंच जा म्हणाला. नवऱ्याला हा अपमान वाटला.

"बॅगेत हातसुद्धा घातला नाही," तो टॅक्सीत हळहळत होता. "अस्तर तरी चाचपायचं! आम्ही आधी अस्तर बघतो."

सहल नावाला सहल होती. खरं तर माझ्या पीएचडीसाठी आम्ही निघालो होतो. ही पीएचडी इतकी वर्षं चालली आहे की डमडमच्या आमच्या सोसायटीत लोक तिची चौकशी जुनाट संधिवाताची करावी तशी करतात. विषय आहे हुगळीच्या काठी शिवलेल्या आणि पोर्तुगिजांनी जहाजात घालून नेलेल्या दुलया. पांढऱ्या कापडावर पिवळं रेशीम, त्यात शिकारी, मासे, गलबतं. नवरा त्यांना गोधड्या म्हणतो. "आपल्याकडच्या गोधड्या बघायला इतक्या लांब कशाला?" असं त्यानं तिकिटं काढेपर्यंत विचारलं आणि मग रजा टाकून सगळ्यात आधी तोच तयार झाला. त्याला तिथलं बंदर बघायचं होतं. मुलीला ट्राम बघायची होती. कोलकात्याची मुलगी ट्राम बघायला युरोपात! "आई, तिथली अजून चालते," ती म्हणाली.

मला हवी होती दुलईची पाठ. पुढून टाका सारखाच दिसतो. कोण घाईत होतं, कोणाला दोरा पुरवून वापरायची सवय होती, हे सगळं मागच्या गाठींत असतं. ती दुलई एका बाईनं एकटीनं शिवली की दहाजणींनी मिळून, हे पाठ बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आणि या दुलयांच्या पाठीला अस्तर असतं. पण तिथल्या एका छोट्या संग्रहालयातल्या दुलईचं अस्तर एका कोपऱ्यात उसवलेलं होतं. माझे गाईड, म्हणजे आमचे म्हातारे बंगाली सर, स्वच्छ म्हणाले होते, "पाठ बघून आलीस तर प्रबंधातलं ते प्रकरण राहील. नाहीतर ते काढून टाक." संग्रहालयातल्या बाईंनी कळवलं होतं की तुमचं पुढच्या बाजूचं काम झालं, की शेवटी मी स्वतः दिवा धरून तो कोपरा उचलून दाखवीन. कोणी हात लावायचा नाही. या एका वाक्यावर मी घरदार घेऊन निघाले होते.

संग्रहालयात जायच्या सकाळी धो धो पाऊस लागला. नवरा आणि मुलगी फुटपाथवर भिजत उभे होते. बाईंना दया आली. त्यांनी दोघांनाही आत घेतलं, कोपऱ्यात बसवलं, हातमोजेसुद्धा दिले. नवऱ्यानं मुलीला दबक्या आवाजात नियमांवर व्याख्यान दिलं: हात मागे, बोलायचं नाही, कशाला शिवायचं नाही. "आणि पाणी खायचं असलं तर?" मुलीनं विचारलं. बंगालीत पाणी खातात, म्हणून आमच्या घरातही आता ते खाल्लं जातं.

लांबलचक टेबलावर दुलई पसरली होती. मी मापं घेतली, टाके बघितले, गलबतातल्या दाढीवाल्यांचे फोटो काढले. शेवटी बाई दिवा आणायला भिंतीशी गेल्या. आता कोपरा.

नवरा तेवढ्यात पाय मोकळे करायला उठला असावा. तो टेबलाशी आला. त्याचा हात दुलईच्या कडेवरून फिरला, गोदीतल्या संशयित सुटकेसवर फिरतो तसा, सावकाश आणि न बघता. "ही शिवण नंतरची आहे," तो ऑफिसच्या आवाजात म्हणाला, आणि त्यानं दोन बोटं अस्तराखाली घालून कोपरा सरळ उलटा केला.

मी डोळे घट्ट मिटून घेतले, स्कूटर घसरताना मिटतात तसे.

उघडले तेव्हा कोपरा परत जागेवर होता आणि टेबलाच्या आणि आमच्या मध्ये बाई उभ्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दिवा बंद केला, हातमोजे परत मागितले आणि दार उघडून धरलं. मी खूप बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार धरूनच ठेवलं.

बाहेर चढाच्या रस्त्यावर मी नवऱ्याला मराठीत जे काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातलं एक सांगते. "घरात तुला कपाटातला स्वतःचा टॉवेल सापडत नाही! आणि इथे बरोबर कोपरा सापडला?"

"हात आपोआप गेला गं," तो म्हणाला. खरंच रडवेला झाला होता. मग हळूच: "पण मी बघितलं ना. गाठी होत्या. दोन प्रकारच्या. एक हात नीटस, एक धसमुसळा."

"तीन," मुलगी म्हणाली. ती त्याच्या मागोमाग टेबलाशी आली होती. "एकीनं गाठ मारलीच नाही, नुसती शेपटी सोडली."

"दोन."

"बाबा, तीन!"

ट्राम आली, आम्ही चढलो, दोघं भांडतच होते. त्यानं कागदी रुमालावर गाठी काढून दाखवल्या, तिनं त्या खोडून स्वतःच्या काढल्या. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. मला त्या दोघांचा हेवा वाटत होता. पोटच्या पोरीचा हेवा! ज्यासाठी मी इतकी वर्षं घालवली, ते एकानं सवयीनं बघितलं, दुसरीनं जाता जाता, आणि मी तिथेच उभी राहून डोळे मिटले.

मी बाईंना माफीची मेल लिहिली. उत्तर अतिशय सभ्य होतं. तो कोपरा आता शिवून घेतला आहे, असं त्यात होतं.

कोलकात्याला परतल्यावर सरांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, फोटो एकेक करून नीट बघितले, गलबतातल्या दाढीवाल्यांना हसले. मग चष्मा काढून ठेवला आणि त्यांच्या त्या मऊ बंगालीत विचारलं, "आणि पाठ? बघितलीस?"

"घरच्यांनी बघितली, सर," मी म्हणाले.