मेरीची तार

व्हय गं बायांनो, सकाळी ग्रुपवर आलेल्या जुन्या फोटूत माझ्याजवळ हुबी हाय ती मेरीच की. ऐंशी सालाच्या आसपास परदेशातनं कुरुंदवाडात सेवा कराय आलती. मालक गेल्यापास्नं मी एकटी, म्हणून माझ्याकडंच ऱ्हायाची.

दोन दिस मालवणच्या समुद्रावर जाऊन आली, तर नाक मिरचीगत लाल! म्हटलं, "समुद्रात गेलतीस का चुलीत?" खदाखदा हसली.

मग तिच्या हातात तार दिली. आई लई आजारी हुती. मेरी घरी पोचायच्या आदीच आई गेली.

तुमास्नी आजवर सांगितलं, ती मालवणात असताना तार आली. खोटं हाय. ती मालवणला जायाची पिशवी भरत हुती तवाच आलती, पोस्टमननं मला वाचून दावली. तिनं वाचली तर मला सोडून कायमची जाईल, म्हणून मीच पदराखाली लपवली.