अक्कांच्या बरणीचं झाकण

१२ जानेवारी. अर्धा किलो लसूण सोलून झाला. बोटं चुरचुरतायत, तरी लिहायला बसले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

लसूण मधात मुरवायला मला अक्कांनी शिकवलं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, गडहिंग्लजच्या. दीर गेल्यापासून राजारामपुरीत आमच्याकडेच असतात. माझ्या मुलीचा शाळेचा डबा बारा वर्षं त्यांनी भरला, म्हणून मी नोकरी करू शकले. स्वयंपाकातलं मला जे येतं, ते त्यांचंच. या बाईचे उपकार मोजायला बसले तर — नाही, मोजत नाही.

काम सोपं आहे. पाकळ्या जरा ठेचायच्या, बुडतील इतका कच्चा मध ओतायचा, झाकण सैल ठेवायचं. तीन-चार दिवसांत बुडबुडे येतात. आत हवा कोंडली की संपलं. "पोटात वारं धरलं की माणूस बी फुटतंय, ही तर बरणी हाय," अक्का म्हणायच्या.

आठ वर्षांपूर्वीचा मे महिना. अक्का दोन दिवस माहेरी लग्नाला गेल्या. जाताना म्हणाल्या, "झाकण सैल केलंय, हात लावू नगंस." पण ओट्यावर मुंग्या झाल्या. मला मुंग्या खपत नाहीत. मी झाकण आवळलं — चांगलं करकचून — आणि विसरले.

अक्का परत आल्या, हातातली पिशवी खाली ठेवतायत तोवर बरणी फुटली. काचा, मध, भिंतभर लसूण.

"मी सैल केलतं की," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, हळू — "का इसरलो मी?"

मला फक्त 'तुम्ही सैल केलं होतं' एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हटलं? कुणी मारणार होतं का मला? नवरा हसत म्हणाला, "वैनी, तुम्हाला आता रिटायर करायला पायजे." मी पण हसले. गप्प राहिले त्यापेक्षा ते हसणं वाईट.

त्यानंतर अक्कांनी बरणीला हात लावला नाही. मसाला, लोणचं, सगळं माझ्याकडं आलं. आता गल्लीत कुणाला खोकला झाला की वाटी घेऊन माझ्याकडं येतात. माझ्या हाताला गुण आहे म्हणतात. मी ऐकून घेते.

आज लसूण सोलायला अक्का बसल्या होत्या. म्हटलं, या वेळी तुम्हीच भरा. "नगं बाई. माझ्या डोसक्याचा भरवसा न्हाई," म्हणाल्या, अगदी सहज, आणि ताट माझ्याकडं सरकवलं.

१३ जानेवारी. सकाळी चहाला दोघंही होते. नवऱ्यासमोरच सांगितलं — त्या दिवशी झाकण मी आवळलं होतं, अक्कांनी सैलच ठेवलं होतं.

अक्कांनी कप खाली ठेवला.

"मग आठ वर्सं मी अंथरुणातनं उठून-उठून गॅस बंद हाय का बघायलोय, त्ये?"

"माझ्यामुळं," मी म्हणाले.