पाठीवरचं जुनेर

कोऱ्या मांजरपाटाचा तागा टेबलावर उलगडला की आधी खळीचा वास येतो. किंचित आंबूस, किंचित कोरडा, भाताच्या पेजेची आठवण करून देणारा तो वास मी गेली वीस वर्षं छातीभर घेत आले आहे आणि अजून त्याला विटलेली नाही. त्यामागून कात्रीचा पहिला करकर आवाज येतो, कापड दुभंगत जातं आणि मला जगाचा विसर पडतो. गोंडपिपरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. तिथे बसून मी शाळांचे गणवेश शिवले, नवऱ्या मुलींची पोलकी शिवली, नवरदेवांच्या शेरवान्याही शिवल्या. पण वाचका, आज आसपासच्या गावांत माझं नाव निघतं ते यातल्या कशामुळेही नाही. ते निघतं, कधी कौतुकाने आणि कधी नाक मुरडून, लेकरू पाठीवर बांधायच्या झोळीमुळे.

मला मूल नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी नाही सांगितलं तर गल्लीतलं कुणीतरी तुला सांगेलच. जिला स्वतःचं लेकरू नाही तिने लेकरांच्या झोळ्या कशाला शिवाव्यात, असा प्रश्न मला तोंडावर विचारला गेला आहे आणि पाठीमागे तर असंख्य वेळा. मी उलट विचारते, नवरदेवाची शेरवानी शिवणाऱ्याला दर वर्षी बोहल्यावर चढावं लागतं का? यावर लोक हसतात, पण प्रश्न मागे घेत नाहीत. घेऊही नये. मीही झोळी मागे घेतलेली नाही.

या सगळ्याची सुरुवात तेंदूपत्त्याच्या हंगामात झाली. त्या पंधरवड्यात आमच्याकडे दुकानांना अर्थ नसतो; अवघं गाव पहाटेच जंगलात जातं, मीही जाते. पळस आणि मोह यांच्या विरळ सावलीत, उन्हं चढण्याआधी, तेंदूची कोवळी पानं खुडायची आणि माथ्यावर गाठोडं घेऊन परतायचं. माझ्या शेजारची पुष्पा त्या दिवशी माझ्याच बरोबर होती. तिची मुलगी तेव्हा चार महिन्यांची. एका मोहाच्या फांदीला साडीचा पाळणा बांधून तिने पोरीला त्यात निजवलं आणि ती पानं तोडू लागली. मी पाहत होते. पाचसहा पानं तोडली की मान वळवून एकदा झाडाकडे नजर, पुन्हा पाचसहा पानं, पुन्हा नजर. तेंदूची झुडपं काही एका जागी नसतात; पानांमागे माणूस पुढे पुढे सरकत जातो आणि पाळणा मागे मागे राहतो. आठ दिवसांपूर्वीच त्याच पायवाटेवर वाघाचे पंजे उमटलेले साऱ्यांनी पाहिले होते. मी म्हटलं, जवळचं झाड बघ की. ती घाम पुसत म्हणाली, "कितीक झाडं बदलू बाई? हात पानं तोडते, पन जीव झाडाले लटकून राह्यते."

ते वाक्य माझ्या मनात काट्यासारखं रुतलं. मला काही वर्षांपूर्वीचा एक बाजार आठवला. हेमलकशाच्या बाजूला एका शाळेचे गणवेश पोचवायला गेले होते, तेव्हा त्या बाजारात एक माडिया बाई दिसली होती. एका लांब पंच्याने तिने मूल पाठीशी बांधलं होतं. ती वाकली, उठली, टोपली डोक्यावर घेतली, हसत कुणाशी भांडलीही. आणि तेवढ्या सगळ्या उलाढालीत ते मूल तिच्या पाठीला गाल लावून गाढ झोपलं होतं. मी तेव्हा तिच्याकडे नुसती पाहत राहिले होते. गाठ कशी मारली होती ते विचारायला हवं होतं, पण मी पडले शिकलेली टेलर! आता मात्र मोबाइल उघडला, तर त्यात शहरातल्या आया तीच गोष्ट छातीवर बांधून बागेत फिरताना दिसल्या. फोमच्या गाद्या, प्लास्टिकचे खटके, चकचकीत पट्टे. मला हसू आलं आणि रागही आला. आमच्या पाठीवर असलं की ते मागासलेपण आणि त्यांच्या छातीवर गेलं की ते आधुनिक मातृत्व! हा निवाडा केला कुणी? आणि आम्हाला न विचारता कसा केला?

मग मी कामाला लागले. फोम मी पहिल्याच दिवशी बाद केला. आमच्या उन्हात फोम म्हणजे लेकराला जिवंतपणी शेकणं. झोळीची बैठक लेकराच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत रुंद हवी, म्हणजे पाय लोंबत नाहीत, बेडकासारखे आईच्या कमरेला धरून बसतात. खांद्यावरचा पट्टा तळहाताएवढा रुंद हवा, नाहीतर तो मांसात रुततो. मानेमागे एक घडी हवी, झोप लागली की वर ओढून घ्यायला. आणि सर्वांत मोठी अट माझी मीच घातली होती. बाईला ती झोळी एकटीला बांधता आली पाहिजे, सासूला हाक न मारता, नवऱ्याची वाट न बघता. सात किलो तांदळाचं गाठोडं पाठीवर बांधून मी अंगणात वाकत होते, उठत होते, उकिडवी बसत होते. शेजारच्या बाया दारात उभ्या राहून विचारायच्या, "काऊन बाई, तांदूळ रडून राह्यले का?" मी म्हणायचे, रडत नाहीत, पण घसरतात, आणि पुन्हा उसवायला बसायचे. जूनच्या अखेरीस तांदूळ घसरायचे थांबले.

आणि इथेच मी माती खाल्ली. सहा झोळ्या शिवल्या, सहाही माझ्या लाडक्या मांजरपाटाच्या. पांढऱ्या, कोऱ्या, कडक. मजबूत, हवा खेळणारं, घाम टिपणारं असं दुसरं कापड दाखवून दे! आमचं घर बौद्ध आहे. पांढरं आमच्याकडे मंगल. वंदनेला पांढरं, लग्नात पांढरं, माझा स्वतःचा विवाह पांढऱ्या साडीतच झाला. त्या शुभ्रपणात काही खोट असेल असं माझ्या मनाच्या कोपऱ्यातही आलं नाही. मोठ्या ऐटीत मी त्या झोळ्या गल्लीतल्या सहा आयांना नेऊन दिल्या. सहाही जणींनी हात पुढे करून घेतल्या, बस म्हटलं, चहा केला, आणि एकीनेही लेकरू त्यात घातलं नाही.

आठ दिवस मी वाट पाहिली. झोळ्या खुंट्यांवर तशाच. मी दारात दिसले की आया लेकरं उचलून आत न्यायच्या. पुष्पाची पोरगी एरवी माझ्याकडे झेपावायची. आता मी हात पुढे केले की पुष्पा काहीतरी निमित्त काढून पाठ फिरवायची. इतकी वर्षं टोमणे खाल्ले होते, पण एखाद्या आईने माझ्या हातातून लेकरू वाचवावं, हे नवीन होतं. ते फार लागलं. का, ते मात्र कुणी सांगेना. शेवटी भागाबाईकडे गेले. भागाबाई म्हणजे आमच्या भागातली जुनी सुईण, निम्म्या गल्लीची नाळ तिच्या हातची. तिने झोळी चिमटीत, अंगापासून लांब धरली. "काऊन वं, तुले समजत नाई का? कोरा मांजरपाट कायले आनते मानूस? मयतीले आनते. तू जित्या लेकराले तेच्यात बांधाले दिलं. अन् देनारी कोन, तं जिच्या घरी पाळना नाई हालला ते." भागाबाईला साखरेत घोळून बोलता येत नाही. मी झोळी घेतली आणि तिच्या ओसरीवरून उतरले.

खरं सांगते, त्या संध्याकाळी मला माझी लाज वाटली नाही, संताप आला. माझ्या वडिलांच्या मयतीला ते कापड मीच फाडून आणलं होतं; मला ते ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पण कात्री हातात आली की माझ्यासाठी कापड हे फक्त कापड असतं, त्याचा ताणाबाणा, त्याचं वजन, त्याची ताकद. वांझ बाई, कफनाचं कापड, कोवळी लेकरं. एवढ्या तीन गोष्टींवर गल्लीने माझ्याविषयी किती काय रचलं असेल! सोडून द्यावं, असं वाटलं. गणवेश शिवावेत, गप्प राहावं. पण सोडलं असतं तर त्यांचंच खरं ठरलं असतं. आणि रोवणी, म्हणजे भातलावणी, तोंडावर आली होती, पुष्पाची पोरगी पुन्हा झाडाला टांगली जाणार होती. माझ्या मानापमानासाठी तिने का टांगलं जावं?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भागाबाईच्या ओसरीवर. विचारलं, मग लेकराला लागतं काय? ती म्हणाली, "जुनेर लागते. चार पावसाळे धुतलेलं. नवं कापड लेकराले टोचते, जुनं कापड लेकराले वळखते." किती साधी गोष्ट! आपल्यापैकी कोण नव्या कापडात जन्माला आलं आहे? प्रत्येकाची पहिली घडी कुणाच्या तरी विटलेल्या लुगड्याचीच होती. खळ गेलेली, रंग उडालेला, काठ विरलेले; पण सुताचा सारा आडमुठेपणा निघून जाऊन ते हातासारखं मऊ झालेलं. आम्हा शिवणाऱ्यांना कोऱ्याचा सोस. जुनेर आमच्या लेखी पोतेरं. पण त्याचा एक दोष भागाबाईलाही नाकारता येईना. जुनेर मऊ असतं आणि मऊ म्हणूनच फाटतं. सहा महिन्यांचं लेकरू नुसत्या जुनेराच्या भरवशावर पाठीवर घेणं म्हणजे दैवावर भार टाकणं.

तेव्हा मी एक गोष्ट हट्टाने केली. मांजरपाट सोडला नाही. जुनेराचे दोन पदर घेतले आणि मधे अस्तर म्हणून मांजरपाटच घातला. वजन तो पेलणार, लेकराच्या अंगाला जुनेर लागणार. भागाबाईला आधीच सांगितलं, लपवाछपवी नाही, आत तेच कापड आहे. तिने पान थुंकलं. मग म्हणाली, "हळदीत काढ. नव्या कापडाले हळदीचं बोट लावतो का नाई आपन? तू अख्खं बुडव." तो पिवळाधमक मांजरपाट मी दोरीवर वाळत घातला, मुद्दाम रस्त्याच्या बाजूला, साऱ्या गल्लीला दिसेल असा. पुष्पा आली आणि तिने तो चाचपून पाहिला. संध्याकाळी तिने तिच्या आईचं लुगडं आणून माझ्या टेबलावर ठेवलं.  मी रात्र होण्याआधी बेतलं.

रोवणीच्या पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर शेतावर गेले. आमच्याकडे धानाच्या शेताच्या खाचराला बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा. धुऱ्यावरच्या झाडाला दोन पाळणे आधीच टांगलेले होते, एक शेवंताच्या मुलाचा आणि एक तिच्या जावेच्या मुलीचा. बाया ओळीने चिखलात उतरल्या होत्या. पुष्पाने पोरीला पाठीवर घेतलं, पट्टे छातीवर फुलीसारखे ओढले, कमरेला गाठ मारली. एकटीने, माझा हात न लागता. एवढ्यात शेतमालक आला. "काय वं, हे काय सोंग आनलं? लेकरू झाडाले टांग अन् उतर. पाठीवर ओझं घेऊन हात चालन का तुहा? अन् चिखलात पडलं तं कोन जबाबदार?"

"मी," मी म्हटलं. "शिवन माई हाये, भाऊ. टाका तुटला तं मले धरा."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुले काय समजते लेकराचं?"

या प्रश्नाची किती उत्तरं मी मनात घोळवून ठेवली होती!   पण माझ्याआधी पुष्पाच बोलली. आवाज चढवला नाही, पदर खोचता खोचता बोलली. "भाऊ, हे पोरगी झाडाले नाई झाली, मले झाली. बाईनं माया पोरीसाठी जे केलं ते कोनी नाई केलं. रोवनी करून घ्याची असन तं अशीच होईन." ती चिखलात उतरली. ओळीतल्या साऱ्या बाया कमरेतून सरळ झाल्या आणि हातातल्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या तशाच धरून मालकाकडे बघत राहिल्या.  पावसाने ओढ दिलेली, पऱ्हे वाढून चाललेले, आणि त्या दिवसांत मजूर मिळायची मारामार. हे त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. "करा वं, करा," असं पुटपुटत तो मोटारसायकलकडे गेला.

मी धुऱ्यावर उभी राहिले. पुष्पा वाकली तेव्हा माझी नजर पट्ट्यांवर होती. पोरगी हलली, आईच्या पाठीवर आडवी झाली, एक हात बाहेर काढून तिने हवेत काहीतरी धरायचा प्रयत्न केला आणि झोपून गेली. पुष्पाचे हात चालत होते. एकदाही मान वळवून तिने मागे पाहिलं नाही. ओळीत ती कुणाच्या मागे पडली नाही, आणि पडली असती तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

दुपारी बाया भाकरी खायला वर आल्या, मीही त्यांच्यात बसले. शेवंता हात धुऊन सरळ झाडाकडे गेली, पाळण्यातून आपलं पोरगं काढलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या घरच्या खुंटीवर माझी पांढरी झोळी अजून होती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.  तिने पोरगं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "माप घे, बाई."

टेप दुकानातच राहिली होती. मी वीत पसरली आणि त्याच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत मोजलं. दीड वीत भरली, वर दोन बोटं.