धाब्यावरची वाट आणि आमची माडी

गल्लीत घर बांधणाऱ्याला किस्से फुकट मिळतात! विटांसाठी खेपा घालाव्या लागतात, चुना भिजत घालावा लागतो, पण किस्से आपल्या पायांनी चालत ओट्यावर येऊन बसतात. नंदुरबारात आमची माडी झाली ती नवे पैसे यायच्या आधीची गोष्ट. तरी अजून चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, ती माडीची सांगा ना!"

आमचे हे शाळेत ड्रॉइंग मास्तर. एकदा कसल्याशा परीक्षेच्या कामाला नाशिकला गेले आणि तिथली कौलारू माडी डोक्यात घेऊन परत आले. आल्या आल्या जाहीर केलं, "जुनं घर पाडायचं आणि वर माडी चढवायची!" आमची गल्ली तर इतकी चिंचोळी, की एका घरात फोडणी दिली की समोरच्या घरात ठसका लागायचा.

नकाशा ह्यांनी स्वतःच काढला, तोही रंगीत. माडीला नक्षीचा कठडा, मागे आंब्याचं झाड, आभाळात उडणारी पाखरं! आमच्या मागे आंबा नव्हता, न्हाणीघर होतं. पण ते चित्रात शोभत नाही म्हणे. नकाशा गल्लीभर फिरला. जो तो वाहवा करी. सुकलाल मिस्तरीनेही मान डोलावली. वरच्या टोकाला राहणाऱ्या गेंदाबाईंनी मात्र कागद लांब धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं,

"मास्तर, वर कसं जानं? या पाखरेसवर बशीसन?"

जिना काढायचाच राहिला होता!

मग आंब्याच्या झाडाच्या जागी जिना आला. त्या आंब्याचं ह्यांना पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत होतं.

घर पाडलं, आणि विटांच्या गाड्या सुरू झाल्या. गल्लीत बैलगाडी शिरली की वळायला जागा नाही. एका तोंडाने यायचं, दुसऱ्या तोंडाने जायचं. एके दिवशी इकडून विटांची गाडी आणि तिकडून वरात! नवरदेव घोड्यावर, बैल गाडीला, आणि दोघं समोरासमोर. "तुम्ही मागे व्हा" म्हणाले वऱ्हाडी. गाडीवान म्हणाला, "भो, बैल मांगे चालत नहीत. तुम्हना नवरदेव चालस का दखा!"

नवरदेव मागे गेला तर अपशकुन. शेवटी बँडवाल्यांसकट सगळी वरात ओळीने उभी राहिली आणि हातोहात विटा उतरवल्या. वाजंत्री थांबली नव्हती, त्यामुळे विटाही तालात आल्या. गाडी हलकी झाली तशी चार जणांनी उचलूनच आमच्या पाडलेल्या घराच्या जागेत सरकवली. त्या दिवशी आमची मजुरी वाचली!

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, "या आठवड्यात आणखी कुणाकडे लग्न आहे का हो?"

आता खरी गोष्ट सांगते. आमच्याकडे घरांना धाबं असायचं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. गल्लीतली धाबी एकमेकांना चिकटलेली. पुरुष खालून चालायचे, बायका वरून! पापड, कुरडया, विरजण, चहाड्या, सगळं धाब्यावरून जायचं.

त्या वाटेवर खरा जीव होता तो इंदूचा. इंदू गेंदाबाईंची सून. सासर गल्लीच्या वरच्या टोकाला, माहेर खालच्या टोकाला, आमचं घर मधोमध. लग्नातल्या मानपानावरून गेंदाबाईंनी विहिणीशी बोलणं टाकलेलं. सुनेला गल्लीतून माहेरी जायची बंदी. तिथे ओट्याओट्यावर सासरची वडीलधारी माणसं बसलेली, नजर चुकवणार कशी? म्हणून सासू दुपारी आडवी झाली की ही पोर धाब्यावरून धावत जायची आणि आईजवळ घटकाभर बसून यायची.

आमचं घर पडलं आणि त्या वाटेला खिंडार पडलं. आता माडी झाली की वाट कायमचीच बंद. गल्लीतल्या बायका ह्यांच्याशी कडाकडा भांडून गेल्या. खूश झाल्या त्या एकट्या गेंदाबाई. "बरं झायं! सून घरमा तरी ऱ्हाई!"

इंदू भांडली नाही. पाण्याला आली तेव्हा हळूच विचारलं, "वहिनी, माडीले खिडकी कोनती बाजूले शे? मन्ही मायनं धाबं तरी दिसी का तठून?"

मला रडूच आलं.

त्या दिवशी ह्यांच्या ताटात बट्टी वाढली, वरण वाढलं आणि मी बाजूला बसून राहिले.

"तूप?"

"तूप इंदूच्या आईकडून यायचं, धाब्यावरून. आता रस्ता बंद आहे!"

कोरडी बट्टी घशाखाली उतरवणं सोपं नसतं. दोन-चार घास ह्यांनी रेटले. मग हात धुतले, नकाशा काढला आणि खोडरबर घेऊन बसले. माडीच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, दोन दरवाजे आले. एक गल्लीच्या वरच्या बाजूच्या शेजाऱ्याच्या धाब्यावर उघडणारा, दुसरा खालच्या बाजूच्या.

मिस्तरी म्हणाला, "मास्तर, ही माडी शे का धरमशाळा?"

वास्तुशांतीला भटजीही अडले. "समोरासमोर दारं? अहो, लक्ष्मी एका दाराने येईल आणि दुसऱ्याने निघून जाईल!"

हे म्हणाले, "मास्तराच्या घरात ती थांबलीय कधी? निदान जाताना दर्शन तरी होईल!"

वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. हे मोठ्या हौसेने नव्या माडीत दुपारची झोप काढायला गेले. सतरंजी पसरली, डोळ्यांवर पंचा घेतला. वरचं दार वाजलं. कुरडयांचं सूप घेऊन एक काकू गेल्या. पुन्हा वाजलं. इंदू आली, ह्यांना बघून पदर सावरला आणि पळाली. पण तिच्या ओठांवरचं हसू मला जिन्यातूनही दिसलं. काही वेळाने ती परत गेली, तेव्हा डोळे रडून लाल झाले होते आणि तरी हसतच होती. मला फार बरं वाटलं.

मी चहा घेऊन वर चढत होते. पुन्हा दार वाजलं. हे पंच्याखालूनच वैतागून म्हणाले, "जा बाई, जा. विचारू नकोस!"

कुणी हललं नाही. ह्यांनी पंचा बाजूला केला.

दारात गेंदाबाई. धाप लागलेली, गुडघ्यावर एक हात, दुसऱ्या हातात पदराखाली झाकलेली गरम वाटी. तोंड खालच्या दाराकडे, विहिणीच्या धाब्याच्या दिशेला.

"निजा, निजा, मास्तर," त्या कुजबुजल्या. "पन इंदूले सांगू नका!"