मीच सोडली

नोकरी सोडल्यावर माणूस शांत होतो म्हणे. असं कोण म्हणतं, त्याला जरा माझ्यासमोर आणा. मला पहिल्याच सोमवारी सकाळी काय करावं ते कळेना, म्हणून मी आईचे डाळी-कडधान्यांचे डबे काढले आणि त्यांना लेबलं लावली. संध्याकाळी आईने ती सगळी नखाने सोलून काढली. "तूरडाळ मला अजून ओळखता येते," एवढंच म्हणाली.

अर्धं आयुष्य मी एका कंपनीसाठी चीनमधून माल आणला. बटणं, चेन, बॅगांचे पट्टे. शेवटी त्या खात्याची प्रमुख झाले. भावात घासाघीस करायची आणि माल लटकला की फोनवर आरडाओरडा. भांडायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? असंच एकदा तिथल्या एका शहरात फॅक्टरीकडे निघाले होते, तर बागेत एक म्हातारे गृहस्थ दिसले. झाडूएवढ्या लांब दांड्याचा ब्रश बादलीत बुडवून ते फरशीवर नुसत्या पाण्याने अक्षरं काढत होते. शेवटचं अक्षर होईपर्यंत पहिलं वाळून गेलेलं. ड्रायव्हर हॉर्न मारत राहिला आणि मी तिथेच उभी. मला त्या माणसाचा असा राग आला की विचारू नका. एवढं सुरेख काढायचं आणि हाती काहीच ठेवायचं नाही? त्या दिवशी मी भावात मार खाल्ला. मुंबईत परतल्यावरही तो राग काही जाईना. राग कसला, हेवा होता तो. पण ते कळायला बराच काळ गेला.

माझगावच्या एका गल्लीत एक बाई चिनी शाईची चित्रकला शिकवतात असं कुणीतरी सांगितलं. बाई इथेच जन्मलेल्या. वडील दात बसवायचे आणि दवाखाना बंद झाला की ब्रश घेऊन बसायचे, त्यांच्याकडून या शिकल्या. चेहरा चिनी, भाषा आपली मुंबईची हिंदी, आणि स्वभाव माझ्यापेक्षा तिखट. शाईची कांडी दगडावर पाणी घालून चंदनासारखी उगाळायची, हा पहिला धडा. मी जोर लावून घासायचे आणि शाई दाणेदार व्हायची. कागद असा की ब्रश क्षणभर थबकला तरी डाग पसरतो, आणि खोडायची सोय नाही. बाई माझ्या पाठीशी उभ्या राहून म्हणायच्या, "तू ब्रश नहीं चलाती, मीटिंग चलाती है."

तरीही मी शनिवारी-शनिवारी जात राहिले, आणि एक दिवस राजीनामा दिला.

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. मी म्हटलं, आई, मी नोकरी सोडली. तिने मान वर केली नाही. साहेब काय म्हणाले, असं विचारलं. म्हटलं, थांब म्हणाले. मग विचारलं, कसला कागद दिला का? सही घेतली का? मी वैतागले. म्हटलं, अगं मीच सोडली, कागद कसला? ती निवडलेली मेथी पुन्हा निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिने शेजारणीला सांगितलं, "हिला आता घरूनच काम दिलंय कंपनीने." मी शेजारीच उभी होते. तळपायाची आग मस्तकात गेली.

तिचं दुखणं मला कळत होतं, निदान तसं मला वाटत होतं. आमची लालबागची जुनी चाळ पाडून टॉवर झाला, त्यात आम्ही सगळे जुने शेजारी आलो. आमच्या खिडकीतून परळकडची एक काचेची इमारत दिसते. तिथे माझं ऑफिस होतं. ती इमारत बाबांच्या गिरणीच्या जागेवर उभी आहे. बाबा साचेखात्यात होते, मागावर कापड विणायचे. संपानंतर गिरणी उघडली तेव्हा त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. मग कुठे कुठे वॉचमनची कामं केली आणि गेले. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला खिडकीशी नेऊन दाखवायची: यांना जिथून परत पाठवलं, तिथे आता माझ्या लेकीची केबिन आहे. आणि ती केबिन मी आपल्या हाताने सोडून आले होते, कशासाठी, तर शाई उगाळायला.

मला प्रदर्शन नको होतं, की चित्रं विकायची नव्हती. आईने एकदा, कुणाही एका माणसासमोर, खरं सांगावं एवढंच हवं होतं. ते होईना, आणि माझा जीव थाऱ्यावर येईना. सकाळी ब्रश घेऊन बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. दुपारी उन्हात कॉटन ग्रीनच्या गोदामांपर्यंत चालत जायचे, कधी पुढे शिवडीपर्यंत. पायाला भिंगरी लागलेली. ऑफिसचा फोन येत नाही म्हणून बरं वाटायचं, आणि येत नाही म्हणूनच रडू यायचं.

बाईंकडे मी डोंगर काढत होते. धुक्यातले, उंच, पुस्तकात बघून काढलेले. एकदा त्यांनी कागद उचलून विचारलं, "ये किसका पहाड़ है? तू गयी थी उधर? अपना बना." आता लालबागमध्ये डोंगर कुठून आणू? रागारागाने घरी आले आणि खिडकीत बसले. बाबांच्या गिरणीतलं सगळं गेलं, पण चिमणी अजून उभी आहे. ती विटांची चिमणी मी काढली. खाली धुकं, म्हणजे नुसता कोरा कागद, आणि धुक्यातून वर आलेली ती एकटी. थबकले नाही, की डाग पडला नाही. पहिल्यांदाच हाताने माझं ऐकलं. मी त्या कागदाकडे बघून हमसून हमसून रडले.

गणपती तोंडावर आले होते. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. मी म्हटलं, यंदा मखरामागे माझं चित्र लावू. आईने चित्र बघितलं आणि कपाळाला हात लावला. देवामागे काळं-पांढरं? सुतक आहे का घरात? मी हट्टाला पेटले, तीही पेटली. शेवटी चित्र लागलं, पण मूर्ती यायच्या दिवशी सकाळी बघते तर आईने कुंकवात बोट बुडवून कोऱ्या धुक्यावर पाच टिळे लावले होते. नवीन फ्रिज आला तरी ती लावते, तसे. कुंकू ओलं, कागद तो तसला. लाल डाग पसरत गेले. मी असे काही शब्द बोलले की ते इथे लिहीत नाही. ती माटवीची दोरी घट्ट करत राहिली. देवाच्या डोक्यावरची ती फळापानांची माटवी दुसऱ्या कुणी बांधलेली तिला चालत नाही.

संध्याकाळी दर्शनाला माणसं यायला लागली. चित्राबद्दल एका बाईने विचारलं, तर आईने सांगितलं, दादरहून आणलंय. मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा तांब्या आपटला.

मग आमच्या मजल्यावरचे काका आले. बाबांच्याच खात्यातले, शेजारच्या साच्यावरचे. नमस्कार केला, पण नजर देवाकडे नव्हती, मागे होती. "ही आपली चिमणी," म्हणाले. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून विचारलं, ऑफिस काय म्हणतंय? मी आईकडे बघितलं. ती खिरापत वाटत होती, आता घरून कामाचं सांगणार हे मला ठाऊक होतं. मला सहन झालं नाही. मी म्हटलं, काका, माझी नोकरी नाही आता.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी हातातली खिरापत खाली ठेवली, मला बाजूला घेतलं. पण बहिऱ्या माणसाचं हळू बोलणं, सगळ्या खोलीला ऐकू गेलं. "कुणी काढलं, नाव सांग. कशावर सही करू नकोस. आम्ही केली आणि फसलो. उद्या चारजण येतो तुझ्याबरोबर गेटवर. असं कसं काढतात?"

ऐंशीच्या घरातला माणूस. गुडघे धरून बसणारा. माझ्यासाठी गेटवर यायला निघाला होता. मला हसू आलं. खोलीत सगळे माझ्याकडे बघतायत. बिचारी, काढलं वाटतं.

तेवढ्यात आई मधे आली. ताट हातात तसंच.

"कुणी काढलं नाही तिला," ती म्हणाली. आवाज चढलेला. "साहेब थांब म्हणत होते. तिनेच सोडली. चित्रं काढते ती, शिकायला जाते माझगावला. ही चिमणी तिनेच काढलीय."

काकांनी मान डोलावली आणि पुन्हा चित्रासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, झालं, मिळालं. इतके महिने ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते चारचौघांत, मोठ्या आवाजात मिळालं. मी आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले, तिला मिठीच मारणार होते.

ती ओट्याला टेकून उभी होती. ताट ओट्यावर ठेवलेलं. दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात, गावाकडचं बोलायला लागली, ती घाबरली की तेच बोलते.

"आता खरां सांग. तूच सोडलंस मा?"

मला काही कळेना. मी म्हटलं, आई, इतके महिने तुला सांगतेय.

"तुझे बाबा गेटवरून परत इले, तेव्हा घरात येऊन 'मीच सोडली' म्हणाले. मी पण सगळ्यांका तसांच सांगलंय. खरां काय तां मागसून कळला."

म्हणजे तिला माझी लाज वाटत नव्हती. मला काढून टाकलंय असं समजून ती महिनोन् महिने माझी अब्रू झाकत होती, आणि मी तिच्यावर तांबे आपटत होते. मी तिचे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "आई, शपथ. मीच सोडली."

तिने माझ्याकडे बघितलं, नीट, खूप वेळ.

"ते पण असेच माझ्याकडे बघून म्हणालेले," ती म्हणाली, आणि ताट उचलून बाहेर गेली.